लहान मुलांचे मनोविकार

(धर्मग्रामाच्या ज्युबिली वर्षांत शाळेच्या पालकसभेपुढें दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या ह्या मंगल वर्षीं देवळाच्या भिंतींस नवा रंग लागला, घंटेचा दोर बदलला, आणि ज्या वाडवडिलांनीं पदरमोड करून हें देऊळ उभें केलें त्यांचीं नांवें पाटीवर कोरलीं गेलीं. हें सर्व योग्यच झालें. परंतु ज्यांच्या स्वाधीन हें देऊळ पुढें व्हावयाचें तीं मुलें ह्या घटकेस बाहेर अंगणांत धुळींत खेळत आहेत, आणि त्यांच्या मनांत काय चाललें आहे ह्याची आपणांपैकीं फार थोड्यांस कल्पना आहे. संध्याकाळीं मूल घरीं आलें म्हणजे आज काय शिकविलें, किती गुण मिळाले, डबा संपविलास कीं नाहीं, हें आपण विचारतों. आज तुला वाईट कशाचें वाटलें, हें आपण विचारीत नाहीं. त्या न विचारलेल्या प्रश्नाविषयीं चार शब्द बोलावे म्हणून आम्ही आपणांपुढें उभे आहों.

उपदेश करण्यापूर्वीं आमच्याच हातून घडलेली एक चूक सांगणें बरें.

कांहीं वर्षांपूर्वीं प्रथम कम्युनियनच्या तयारीसाठीं आमच्याकडे बावीस मुलें होतीं. पापनिवेदनापूर्वीं आत्मपरीक्षण कसें करावें हें शिकविण्याकरितां आम्हीं त्यांस सांगितलें कीं, आठवड्यांत आपलें काय चुकलें तें मनाशीं आठवा, आणि ज्यास उघड सांगावेंसें वाटेल त्यानें सांगावें. खोटें बोललों, पेन्सिल चोरली, आजीस उलट उत्तर दिलें, अशीं नेहमींचीं उत्तरें आलीं. तेवढ्यांत सात-साडेसात वर्षांचा एक मुलगा उठला व म्हणाला, "आमच्या घरी बाळ आलंय. ते परत देऊन टाकावं असं मला वाटतं." इतर मुलें हंसलीं. आम्हीं काय करावें? आम्हीं म्हटलें, "शी! असं बोलू नये. देवाला आवडत नाही. म्हण, बाळ मला फार आवडतं." त्यानें तसें म्हटलें. वर्ग पुढें चालला. त्या दिवसापासून तो मुलगा अत्यंत शहाण्यासारखा वागूं लागला, आणि आम्हांस वाटलें, शिकवण फळास आली.

तीन आठवड्यांनीं त्या बाळास ताप भरला व त्यास दवाखान्यांत ठेवावें लागलें. आई तिकडे, बाप कामावरून परस्पर तिकडे. घरीं हा मुलगा व आजी. मुलानें दोन दिवस अन्नास स्पर्श केला नाहीं. कोणी म्हणालें, आईची आठवण येते. कोणी म्हणालें, हट्ट करतो, एक चपराक द्या म्हणजे जेवेल. तिसऱ्या रात्रीं आजी त्याच्या डोक्यास तेल चोळीत बसली असतां सहज म्हणाली, "तुझा बाप जन्मला ना, तेव्हा तुझी आत्या माझ्याशी आठ दिवस बोलली नव्हती. तिला त्याचा एवढा राग आला होता." एवढें ऐकतांच मुलाचा बांध फुटला. बाळ परत द्यावें असें आपण मनांत आणलें म्हणूनच देव त्यास परत नेत आहे, असें त्या चिमुकल्या जिवानें ठरवून टाकलें होतें! आणि हें भय तो कोणास सांगूं शकत नव्हता, कारण असें बोलूं नये हें आम्हींच त्यास शिकविलें होतें.

देवाच्या कृपेनें बाळ बरें झालें. पुढच्या रविवारीं मिस्सानंतर आजीनें आम्हांस देवळाच्या पायरीवर गांठून ही हकीगत सांगितली. ती आम्हांस एक शब्दही बोलली नाहीं; बोलली असती तर बरें झालें असतें. त्या दिवसापासून ह्या विषयावरचें मिळेल तें आम्ही वाचीत आलों आहों, आणि त्यांतलें जें आम्हांस पटलें तेवढेंच आज सांगणार आहों.

अलीकडे शिक्षणशास्त्रांत 'भावनिक बुद्धिमत्ता' हा शब्द फार चालतो. पीटर सॅलोव्ही व जॉन मेयर ह्या अमेरिकेंतील दोन मानसशास्त्रज्ञांनीं १९९० सालीं तो शास्त्रीय लेखांत मांडला, आणि १९९५ सालीं डॅनिएल गोलमन ह्यांच्या ग्रंथानें तो घरोघर नेला. घरोघर गेलेल्या शब्दाचें जें होतें तेंच ह्याचेंही झालें. यशाची किल्ली, पगारवाढीचा मंत्र, अशा रूपानें तो बाजारांत विकला जाऊं लागला. त्या बाजाराशीं आम्हांस कर्तव्य नाहीं. मुलाच्या प्रगतिपुस्तकांत गणित व भूगोल ह्यांच्याखालीं भावनिक बुद्धिमत्तेचा रकाना काढून तेथें गुण भरणें ही तर आमच्या मतें त्या विषयाची थट्टा होय. परंतु शब्दाच्या मुळाशीं असलेली गोष्ट साधी व खरी आहे. आपल्या मनांत काय उठलें तें ओळखणें, त्यास नांव देणें, तें कोठून आलें तें उमगणें, दुसऱ्याच्या मनांतलेंही ताडणें, आणि त्या विकाराच्या भरांत आपलें वा दुसऱ्याचें नुकसान होऊं न देणें, एवढाच त्याचा अर्थ. वर सांगितलेल्या आजीनें हा शब्द जन्मांत ऐकला नसेल. ती गोष्ट मात्र तिच्यापाशीं भरपूर होती.

मुलाच्या ठिकाणीं ही समज एकदम येत नाहीं, पायरीपायरीनें येते. फ्रान्सिस्को पॉन्स, पॉल हॅरिस व त्यांचे सहकारी ह्यांनीं तीन ते अकरा वर्षांच्या मुलांचा अभ्यास करून २००४ सालीं तो प्रसिद्ध केला. पांचव्या वर्षाच्या सुमारास मुलास बाहेरचीं कारणें समजतात: खेळणें मोडलें म्हणजे वाईट वाटतें, खाऊ मिळाला म्हणजे आनंद होतो. सातव्या वर्षाच्या सुमारास त्यास कळूं लागतें कीं, मनांत एक असतां चेहऱ्यावर दुसरें दाखवितां येतें. आणि एकाच गोष्टीबद्दल एकाच वेळीं आनंद व दुःख हीं दोन्ही होऊं शकतात, हें कळावयास बहुधा नववें वर्ष उजाडावें लागतें. आतां आमच्या त्या मुलाकडे पाहा. बाळ त्यास आवडतही होतें आणि बाळाचा त्यास रागही येत होता. परंतु हे दोन्ही एका मनांत सुखानें राहूं शकतात हें समजण्याचें त्याचें वय नव्हतें. त्याच्यापाशीं एकच घर होतें, आणि त्यांत रागानें बसावें कीं प्रेमानें, हा त्याचा प्रश्न होता. आम्हीं त्यांत भर घातली ती एवढीच, कीं जें वय लपविण्याची कला शिकण्याचें, त्या वयांत आम्हीं त्यास तिचा पहिला धडा दिला.

येथें एका योगायोगाकडे आपलें लक्ष वेधावेंसें वाटतें. पोप दहावे पायस ह्यांच्या कारकीर्दींत १९१० सालीं निघालेल्या फर्मानानें लहान मुलांस कम्युनियनचें द्वार उघडलें, आणि विवेकाचें वय सुमारें सातवें वर्ष धरलें. म्हणजे ज्या वर्षीं मुलास मनांतलें लपवितां येऊं लागतें, त्याच वर्षीं पवित्र सभा त्यास म्हणते, आंत पाहा आणि जें दिसेल तें निर्भयपणें सांग. आत्मपरीक्षण शिकविणाऱ्याची जबाबदारी ह्यामुळें केवढी वाढते! आंत पाहावयास शिकविणारा स्वतःच "शी!" म्हणाला, तर मूल पुन्हां आंत पाहणार नाहीं, तें आम्हांस आवडेल अशी पापांची यादी पाठ करून आणील. अशा याद्या आम्हीं पुष्कळ ऐकल्या आहेत.

कोणी म्हणेल, मत्सर हें पाप नव्हे काय? मुलाचें तें बोलणें मुकाट्यानें ऐकून घ्यावयाचें होतें कीं काय? ह्या प्रश्नास बगल देतां येत नाहीं. मनांत उठणारा विकार स्वतः बरा किंवा वाईट नसतो. बुद्धि व इच्छा त्यास कोणत्या वाटेनें नेतात त्यावरून तो बरा किंवा वाईट ठरतो, ही पवित्र सभेची शिकवण आहे. संत थॉमस अक्वायनस ह्यांनीं विकारांचें विस्तृत विवेचन केलें आहे, आणि १९९२ सालच्या धर्मशिक्षणग्रंथांतही हेंच प्रतिपादिलें आहे. लाजरसाच्या कबरेपाशीं प्रभु येशू रडला. मुलांस दूर लोटणाऱ्या शिष्यांवर तो रागावला. तेव्हां रडणें व रागावणें हें मुळांतच पाप असतें तर आपली मोठी पंचाईत झाली असती. जाणूनबुजून द्वेष पोसणें निराळें, आणि आईची मांडी वांटली गेली म्हणून पोटांत कालवणें निराळें.

काईनाची कथा आपण मुलांस सांगतों ती खुनापासून. पण जुन्या करारांत खुनाच्या आधीं एक प्रश्न आहे. धाकट्या भावाचें अर्पण मान्य झालें, आपलें झालें नाहीं, म्हणून काईनाचें तोंड उतरलें, तेव्हां देवानें त्यास, तूं कां रागावलास, असें विचारलें आणि पाप दाराशीं टपलें आहे अशी सूचनाही दिली. शिक्षा मागाहून आली. आधीं प्रश्न आला. काईनानें त्याचें उत्तर दिल्याचें शास्त्रांत लिहिलेलें नाहीं. उधळ्या पुत्राच्या दाखल्यांतील थोरला भाऊही असाच घरांत न येतां बाहेर उभा राहतो. आपण त्या दाखल्यांत धाकट्यावर इतके गुंतून जातों कीं, बाप दुसऱ्यांदांही घराबाहेर गेला होता हें आपल्या ध्यानांत राहात नाहीं. तो थोरल्याकडे गेला, त्याची समजूत घालूं लागला, आणि इतकीं वर्षें राबलों पण एक करडूंही मिळालें नाहीं, ही त्याची सबंध तक्रार त्यानें ऐकून घेतली. "असं बोलू नये" असें तो म्हणाला नाहीं.

आतां करावयाचें काय? पहिली गोष्ट, मुलास नांवें द्या. २००७ सालीं लॉस अँजेलिस येथील विद्यापीठांत मॅथ्यू लीबरमन ह्यांनीं प्रौढ माणसांवर प्रयोग केला. क्रोध वा भय दाखविणारें चित्र पाहून त्या विकारास योग्य तो शब्द निवडतांना मेंदूच्या ज्या भागांत भयाची घंटा वाजते त्याची खळबळ कमी होते, असें त्यांस आढळलें. ज्यास नांव आहे तें आवरतां येतें. नांव नाहीं तें अंगावर येतें. आणि आपल्या मराठींत नांवांची काय वाण आहे! राग, संताप, चिडचिड, रुसवा, हेवा, हिरमोड, धास्ती, हुरहुर, कानकोंडेपणा, ओशाळणें, खट्टू होणें, गलबलून येणें. ह्यांतला प्रत्येक शब्द निराळा आहे. राग आणि रुसवा हेंच पाहा. रागावलेल्या मुलास थोडें एकटें सोडलें तर चालतें. रुसलेल्यास एकटें सोडलें तर तें खचतें, कारण कोणीतरी समजूत काढावयास येईल ह्या आशेवरच रुसवा उभा असतो. हा भेद ज्या घरांत कळतो त्या घरांत निम्मीं भांडणें वाढतच नाहींत. परंतु आज आमच्या वर्गांतल्या मुलास विचारावें तर तें सॅड, हॅपी आणि अँग्री हे तीन शब्द टेबलावर ठेवतें. आमचें इंग्रजी शिक्षणाशीं वैर नाहीं. पण सामवेदी, वाडवळी, कोळी बोलींत आजीपाशीं असलेले शब्द नातवापर्यंत पोंचले नाहींत, तर आपण एक मोठी शिदोरी वाटेंत सांडली असें होईल. संध्याकाळची रोझरी झाल्यावर पांच मिनिटें घरांत प्रत्येकानें, बापानेंसुद्धां, आज मन कसें होतें तें एका शब्दांत सांगावें. आम्ही हें दोन-तीन घरांत सुरू करवून पाहिलें आहे. पहिले आठ दिवस सर्वजण "बरं" एवढेंच म्हणतात. नवव्या दिवसापासून गंमत येते.

नांव दिलें म्हणजे मोकळीक दिली असें मात्र नव्हे. तुला राग आला हें खरें, पण हात उगारूं देणार नाहीं, हीं दोन्ही वाक्यें एका दमांत म्हणतां आलीं पाहिजेत. आपल्याकडे बहुधा दुसरें तेवढें म्हटलें जातें.

दुसरी गोष्ट लाजेची. डॉक्टर मारिया माँटेसरी ह्या कॅथलिक बाईंनीं रोम शहराच्या सान लोरेन्झो ह्या मजूरवस्तींत ६ जानेवारी १९०७ रोजीं, म्हणजे तीन राजांच्या सणाच्या दिवशीं, आपलें पहिलें बालगृह उघडलें. तेथला एक लहानसा प्रसंग त्यांनींच लिहून ठेवला आहे. एके दिवशीं त्यांनीं मुलांस नाक कसें शिंकरावें ह्याचा पाठ दिला. रुमाल कसा धरावा, आवाज न करतां, कोणाच्या लक्षांत न येतां नाक कसें स्वच्छ करावें, हें त्यांनीं थोडें विनोदानें करून दाखविलें. मुलें हंसतील अशी त्यांची कल्पना होती. मुलें हंसलीं नाहींत. निश्चल बसून पाहात राहिलीं, आणि पाठ संपतांच त्यांनीं टाळ्यांचा कडकडाट केला. माँटेसरीबाईंना उलगडा झाला तो असा: नाकावरून मुलांस सर्वजण सदा टोचून बोलतात, चारचौघांत लाजवितात, पण तें कसें पुसावें हें शांतपणें कोणी शिकवीत नाहीं. त्या दिवशीं प्रथमच कोणीतरी त्यांचा अपमान न करतां त्यांस शिकविलें होतें.

ही गोष्ट वाचल्यावर आम्ही कित्येक दिवस स्वतःच्या वर्गांतलीं वाक्यें मोजीत होतों. "एवढा मोठा झालास तरी!", "ताईकडे बघ जरा", "मुलगा असून रडतोस?" चपराकीस कायद्यानें बंदी झाली आहे, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमानें शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळही निषिद्ध ठरविला आहे. पण वरील वाक्यें घराघरांतून चालूच आहेत, आणि तीं उच्चारणाऱ्यास तो छळ वाटत नाहीं.

माँटेसरीबाई १९३९ सालीं हिंदुस्थानांत आल्या आणि युद्धामुळें पुढचीं कित्येक वर्षें येथेंच राहिल्या. त्यांच्या विचारांचा ठसा ज्यांच्यावर उमटला त्या ताराबाई मोडक ह्यांनीं, अनुताई वाघ ह्यांना सोबत घेऊन, आपल्या वसईच्या उत्तरेस, ह्याच किनाऱ्यावर, बोर्डी येथें १९४५ सालीं बालशिक्षणाचें काम आरंभिलें व १९५७ सालीं तें कोसबाडच्या टेकडीवर नेलें. मुलें शाळेंत येत नाहींत म्हणून त्यांस दोष देत न बसतां ह्या बायांनीं शाळा मुलांच्या अंगणांत नेली, गुरें चारणाऱ्या मुलांसाठीं ती कुरणांत नेली. घराबाहेर उभ्या असलेल्या थोरल्या मुलाकडे जाणाऱ्या बापाचें आम्हांस येथें स्मरण होतें.

ह्या सर्वाचा शाळेच्या अभ्यासास कांहीं उपयोग आहे काय, असें जे व्यवहारी गृहस्थ विचारतील त्यांच्यासाठीं एक आंकडा सांगतों. जोसेफ डर्लक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०११ सालीं अशा प्रकारच्या शिक्षणाच्या २१३ शालेय उपक्रमांचा एकत्र आढावा घेतला. त्यांत २,७०,०३४ विद्यार्थी होते. ज्यांस हें शिक्षण मिळालें त्यांची अभ्यासांतील प्रगति इतरांहून ११ शततमकांनीं अधिक आढळली. शंभर मुलांच्या रांगेंत पन्नासाव्या जागेवरचें मूल एकसष्टाव्या जागेवर जावें, असा त्याचा ठोकळ अर्थ. आम्हांस मात्र आंकड्याहून कॅनडांतील एक प्रयोग अधिक मोलाचा वाटतो. टोरांटो येथें मेरी गॉर्डन नांवाच्या शिक्षिकेनें १९९६ सालीं तो सुरू केला. वस्तींतील एक आई आपलें दोन-चार महिन्यांचें बाळ घेऊन वर्षांतून नऊ वेळां प्राथमिक शाळेच्या वर्गांत येते. हिरवी चादर अंथरतात, भोंवतीं मुलें बसतात, मधोमध बाळ. बाळ कां रडलें, त्यास काय हवें असेल, आतां तें घाबरलें कीं रागावलें, हें मुलांनीं ओळखावयाचें. ज्यास बोलतां येत नाहीं त्याचें मन वाचतां वाचतां मुलें आपलेंही वाचूं लागतात. एक तान्हें मूल मध्यें ठेवून भोंवतीं जमणें हें आपणां ख्रिस्ती लोकांस कांहीं नवें नाहीं. पण नाताळच्या गोठ्यांतील बाळास भूक लागली असेल काय, असा प्रश्न आम्हीं वर्गांत कधीं विचारला नव्हता.

आतां थोडें वडील मंडळींविषयीं. आपल्यांतले कित्येक बाप बोटीवर किंवा आखातांत नोकरीस आहेत. जे येथें आहेत ते पहांटेची लोकल धरून मुंबईस जातात व मुलें निजल्यावर परततात. दूरच्या बापाशीं मूल दूरध्वनीच्या पडद्यावर बोलतें तेव्हां तें नेहमीं मजेंत असतें. त्यास कोणीतरी बजावलेलें असतें, पप्पांना काळजी लावू नको. ह्यांत आईचा दोष नाहीं, तिचीही तीच गत असते. परंतु बापानें एकदां स्वतःहून, मला आज तुमची फार आठवण आली, मी जेवलों नाहीं, असें सांगून पाहावें. मग मुलाकडून काय ऐकावयास मिळतें तें त्यानें आम्हांस कळवावें. आणि जो बाप घरीं आहे त्यानें भलत्याच रागानें मुलास मारलें असेल, तर मुलाजवळ बसून, माझें चुकलें, राग दुसऱ्याचा होता, तुझ्यावर निघाला, असें म्हणण्यानें त्याचा मान कमी होत नाहीं. मुलाकडून मात्र मान धरून 'सॉरी' वदवून घेण्याची घाई करूं नये. आम्हीं तसे पुष्कळ सॉरी वदवून घेतले. त्यांतला एक वर सांगितलाच आहे.

त्या मुलाचें पुढें काय झालें हें विचारणारे आपण असालच. आजी भेटली त्याच आठवड्यांत आम्हीं त्यास वर्गानंतर थांबवून घेतलें व सांगितलें कीं, त्या दिवशीं आमचें चुकलें. तूं खरें बोललास आणि आम्हीं तुला गप्प केलें. तो कांहीं बोलला नाहीं. आम्हीं विचारलें, "बाळाचा अजून राग येतो का?" तो पुष्कळ वेळ विचार करून म्हणाला, "रात्री येतो. सकाळी नाही." एवढें नेमकें आत्मपरीक्षण मोठ्या माणसांकडूनही आम्हीं क्वचित् ऐकलें आहे.

प्रथम पापनिवेदनाच्या दिवशीं तो आपल्या पाळीनें फादरांपुढें जाऊन गुडघे टेकून आला. आंत तो काय बोलला हें देवास व फादरांस ठाऊक. विचारण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. बाहेर आल्यावर तो सरळ आजीकडे गेला, तिच्या कडेवरचें बाळ त्यानें मागून घेतलें, दोन्ही हातांनीं छातीशीं धरून देवळाच्या दारापर्यंत नेलें, आणि तेथून घाईघाईनें परत आणून आजीच्या हातांत दिलें, कारण बाळानें त्याचा नवा पांढरा सदरा ओला केला होता. तो रागावला होता, आणि हंसतही होता.